अखर्चित

डिसेंबरात दोन गोष्टी आमच्या नागपुरात एकदमच येतात:
अधिवेशन,
आणि सिकलसेलवाल्यांच्या हाडांतली कळ.
सिव्हिल लाइन्समधल्या झाडांना चुना-गेरू लागतो,
तिकडे लष्करीबागेत, टेका नाक्याच्या मागे
थंडीनं रक्तातले विळे एकमेकांत अडकतात.

मी औषध भांडारात लेखा लिपिक. बावीस वर्षं.
रक्त पाहिलं की भोवळ येते,
म्हणून आकडे पाहतो.
गोळी माझ्याकडे गोळी होऊन येतच नाही,
लेखाशीर्ष होऊन येते,
मागणी, मंजूर, प्राप्त,
आणि शेवटचा अरुंद रकाना,
अखर्चित.

तक्षशिला रामटेके महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायची.
शाळेचा निळा फ्रॉक, डोळे हळदीचे,
सोबत बाप, कूलरच्या ताट्यांत वाळा भरणारा,
म्हणजे हिवाळ्यात रिकामाच.
जाळीतून विचारायचा, आल्या काय जी गोळ्या?
मी म्हणायचो, निविदा होऊन राहिली.
हे पोरीनं इतक्यांदा ऐकलं
की निविदा ही कुणी बाई आहे असं तिला वाटायचं,
फार सावकाश चालणारी.
एकदा मलाच विचारलं तिनं,
काका, निविदा मॅडम कधी येतीन?

त्या वर्षी पैसे आले एकोणतीस मार्चला, दुपारी चारला.
दोन दिवसांत गोळ्या घेता येत नाहीत.
खुर्च्या घेता येतात.
एकशे चाळीस घेतल्या.
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, एकीवर एक,
अजून आमच्या छताला टेकून उभ्या आहेत.
खर्च शंभर टक्के.
साहेबांना कौतुकाचं पत्र आलं.

मग एक वर्ष असं निघालं
की गोळ्या जूनमध्येच आल्या.
कशा, ते विचारू नका.
कुणीतरी एक सही वेळेवर केली असेल, एवढंच.
त्या हिवाळ्यात वॉर्डातल्या सहा खाटा रिकाम्या राहिल्या,
सिस्टर गजभिये रात्रपाळीत स्वेटर पूर्ण करू शकली.
सोमवारी बाप एकटाच आला.
पोरगी कुठाय म्हटलं,
तर म्हणे, शाळेत आहे जी, लेझीम आहे तिची.

मार्चात लेखापरीक्षक आले.
चहात बिस्कीट बुडवून, ते तुटायच्या आत तोंडात टाकून
त्यांनी आक्षेप काढला:
औषधांवरचा खर्च वाढला, रुग्ण मात्र घटले,
तर एवढं अनुदान कशाला?
खुलासा सादर करावा.

तीन रात्री बसलो.
न आलेल्या कळेचं व्हाउचर कुठून आणू?
ज्या रात्री कुणी ओरडलं नाही
त्या रात्रीची पावती कोण फाडून देतं?
मरण आलं की नोंद होते, क्रमांक पडतो, शिक्का बसतो.
जे आलंच नाही, दारावरून मुकाट परत गेलं,
त्याला आमच्याकडे रकाना नाही.
शेवटी लिहिलं,
सविनय सादर की, सदर कालावधीत
कु. तक्षशिला रामटेके ही लेझीम खेळली.

साहेबांनी ती ओळ खोडली.
बाई, म्हणजे निविदा, पुन्हा चालायला लागली,
आणि अनुदान अर्ध्यावर आलं.

आज सोमवार. विधानभवनाकडे सायरन वाजत गेले.
एक ताफा, मग दुसरा.
जाळीपलीकडे बाप उभा आहे, तोंडानं काही विचारत नाही.
पोरगी त्याच्या खांद्यावर.
एवढी मोठी झालेली, तरी खांद्यावर.
मी आत गेलो.
वरची एक खुर्ची काढली, दातांनी प्लास्टिक फाडलं,
काउंटरबाहेर नेऊन ठेवली.
बस म्हटलं.

ती पाय पोटाशी घेऊन बसली.
निविदा मॅडम? म्हणाली.
आता तिला त्या शब्दाचा अर्थ माहीत आहे.